डावऱ्या हाताचे पाते

श्रावण उतरणीला लागला होता. सडेवाडीच्या माथ्यावर ऊन यायचे ते भिजलेले यायचे, घडीभर थबकायचे, आणि कुठल्याशा मेघाच्या मागे निघून जायचे. जांभ्या दगडाचा तो उघडा सडा, ज्याच्यावर वैशाखात अनवाणी पाऊल टाकायची कुणाची छाती होत नाही, तो आता तृणश्यामल, पुष्पखचित, जलमर्मर झाला होता. निळी सीतेची आसवे, पांढरे गेंद, पिवळा कवळा. जिथे माती चिमूटभर, तिथे फुले ओंजळभर.

सारे हिरवे होते. भाताची खाचरे हिरवी, काजूच्या बागा हिरव्या, दगडी गडग्यावरचे शेवाळ हिरवे, विहिरीतले पाणीसुद्धा हिरवे. एवढ्या हिरवाईत एकच झाड करडे उभे होते. सड्याच्या काठावर, उतार सुरू होतो तिथे, एकटे.

आंब्याचे झाड होते ते. ज्येष्ठात त्याच्यावर वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एक काळी चीर उतरली, आणि त्या दिवसापासून ते विद्युद्दग्ध झाड वरून खाली, फांदीफांदीने, पानापानाने मरत होते. मरणाची त्याला घाई नव्हती. पूर्वेकडची एक फांदी अजून जिवंत होती, आणि त्या फांदीला पाच कोवळ्या डहाळ्या होत्या. त्याचे आयुष्य तेवढेच उरले होते.

सगुणा रोज सकाळी तिथे यायची. अठ्ठावन्न वर्षांची, किडकिडीत, पाठीला किंचित बाक आलेली. खालच्या रोपवाटिकेत तिने तीस वर्षे आंब्याची कलमे बांधली होती. तालुक्यातल्या किती बागा तिच्या बोटांखालून गेल्या, हे तिलाही ठाऊक नव्हते. गावात थट्टेने म्हणत, सगुणाने वाढवणीच्या, म्हणजे केरसुणीच्या, हिराला कलम बांधले तरी त्याला मोहर येईल. ती झाडापाशी यायची, त्या पाच डहाळ्या मोजायची, पाचच आहेत हे पुन्हा एकदा कळले की घरी जायची.

त्या झाडाखाली तिची मुलगी होती.

चौतीस वर्षांपूर्वीच्या वैशाखात ती जन्मली आणि अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसे व्हायचे होते. शेजारचा पाळणा मागून आणला होता, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. अकराव्या दिवशी सकाळी पोर तापली, दुपारी थंड झाली. तान्ह्या जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. सगुणाच्या नवऱ्याने, भिकाजीने, सड्याच्या काठावर खड्डा खणला आणि पोरीला तिथे ठेवले. दुसऱ्या दिवशी सगुणा ओली बाळंतीण उठली, कुणाचे न ऐकता तिथवर गेली, आणि त्या सैल मातीत तिने आंब्याची एक कोय दाबली. भिजलेले हरभरे गुरांना घातले.

पोर बिननावाची गेली, झाडही बिननावाचेच वाढले. गावातल्या प्रत्येक रायवळ आंब्याला नाव होते. कुणी साखऱ्या, कुणी शेंदऱ्या, कुणी खोबऱ्या. ह्याचे नाव काय, असे कुणी विचारले तर सगुणा म्हणायची, नाय ठेवलेला. फळ लहान यायचे, पातळ सालीचे, आधी मधुर आणि शेवटी जिभेच्या टोकाला जरासे आंबट. ते आंबटपण तिला फार आवडे. वर्षभर ती त्याची वाट बघायची.

आता कुणी म्हणेल, झाड मरत असेल तर त्याच्या कोया लावाव्यात. पण कोय मोठी लहरी. गोड आंब्याची कोय लावावी आणि तुरट झाड यावे, आंबटाची लावावी आणि साखर यावी. कोयीतून झाड येते ते दुसरेच येते. कलमाचे तसे नाही. डहाळीची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली की तेच झाड पुढे चालते, तेच लाकूड, तोच रस, तेच फळ. माणसाला जे साधले नाही, ते आंब्याला साधते.

अकरा दिवसांच्या त्या देहाला ज्या मुळांनी कवेत घेतले, त्या मुळांचे पाणी प्यायलेले जिवंत लाकूड आता ह्या पाच डहाळ्यांतच होते. कलम जगले तर झाड राहणार होते. नाही जगले तर पोर दुसऱ्यांदा जाणार होती. सगुणाला ते असेच, इतक्याच उघड शब्दांत वाटत होते.

तिने डहाळ्यांची पाने छाटून टाकली. पाने गेली की दहा-बारा दिवसांत टोकाचा कोंब फुगतो. कलमवाले त्याला डोळा म्हणतात. डोळा फुगला, पण उघडला नाही, तेवढ्या अवधीत काडी कापायची असते. त्याआधी कापली तर झोपलेली, त्यानंतर कापली तर थकलेली. अंगणात तिने काळ्या पिशव्यांतून खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ती रोपे, तयार ठेवली होती. सगळे होते. फक्त पाते नव्हते.

पाते नव्हते म्हणजे पाती पुष्कळ होती. रोपवाटिकेत पिवळ्या मुठीची कटर खोक्याने येत. पातळ, लवचिक, दोन दिवसांत बोथट. बोथट झाले की टोक मोडायचे, टोके संपली की फेकायचे. कामापुरता मामा. शंभर कलमे बांधावीत, साठ जगावीत, चाळीस उकिरड्यावर टाकावीत. त्यात मालकाचे काही बिघडत नसे, आणि खरे सांगायचे तर सगुणाचेही नाही. मेले तर मेले, दुसरे बांधू, हा त्या धंद्याचा मंत्र होता. तीस वर्षे तिने तो विनातक्रार जपला होता.

पण तो मंत्र शंभरांचा. पाचांना तो लागू पडेना.

कलमाला ओढ एकच. काडीच्या टोकाला पाचर तासायची ती एका ओढीत, डाव्या अंगाने एक, उजव्या अंगाने एक. काप असा सपाट पडला पाहिजे की खुंटाच्या चिरेत पाचर बसली की मध्ये वाऱ्याचा केसही मावू नये. पाते अडले, वाकले, दुसरी ओढ घ्यावी लागली, की लाकडाला लाट येते. लाटेच्या पोटात पाणी साचते, पाण्यात काळे धरते, आणि कलम आतून कुजते. वरून आधी काही दिवस कळतही नाही.

सगुणाने रानातल्या आंब्याच्या काड्या आणून अंगणात कापून पाहिल्या. पिवळे कटर कधी सरळ गेले, कधी वाकले. दहांतून सहा वेळा सरळ. एरवी तिने त्याला बरे म्हटले असते. त्या रात्री जेवताना ती नुसते एवढे बोलली, "ह्या कटरान नाय होवचा."

भिकाजीने मान वर केली नाही. भात कालवत राहिला.

भिकाजीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तो स्वतः काही सांगणार नाही. अबोल, काटक, रुंद पंजाचा माणूस. पोरीला स्वतःच्या कोपरावर घेऊन सड्यापर्यंत तोच चालत गेला होता. परत आला तो फावडे धुऊन कोपऱ्यात ठेवले आणि त्या दिवशीच गुरांना पाणी दाखवायला गेला. पुढे चौतीस वर्षे त्याने त्या झाडाखालची वाट तुडवली नाही. शेतावर जायला काजूच्या बागेला वळसा घालून जायचा. त्या झाडाचा आंबा त्याने कधी तोंडाला लावला नाही. सगुणाने ह्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता: दगड आहे माणूस. तिने त्याला तसे बोलून दाखवले नाही, पण मनात ते पक्के होते, आणि एका घरात राहून इतकी वर्षे माणसाला दगड समजणे हेही काही सोपे नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने भिकाजी कुठे तरी गेला. काही सांगितले नाही. घाट चढून तो कोल्हापूरला गेला होता, शेतीच्या अवजारांच्या एका मोठ्या दुकानात. त्याने एकच सांगितले, सगळ्यात चांगला द्या. किंमत विचारली, आणि ऐकलीच नाही असे करून पिशवी पुढे केली. तिसऱ्या प्रहरी तो परतला, ओटीवर बसला, आणि तेलकट कागदात गुंडाळलेले ते काही तरी त्याने सगुणाच्या पुढ्यात सरकवले.

"घे. म्हारग हा, पण चांगलो हा."

कागद उलगडला तेव्हा आत घडीचा चाकू होता. अक्रोडाच्या लाकडाची गर्द मूठ, पितळेच्या तीन खिळ्या, आणि शांत, नीलप्रभ, निर्लेप असे परदेशी पोलाद. सगुणाने पाते उन्हाकडे धरले. एका बाजूने ते निव्वळ सपाट होते. दुसऱ्या बाजूने धारेकडे उतरत गेले होते. जाणत्या माणसाच्या कलमाचा चाकू असाच, एकाच बाजूने घासलेला असतो. सपाट बाजू लाकडाला टेकली की काप सपाट पडतो. उजव्या हातात धरला की सपाट बाजू आपोआप लाकडाला टेकते. डाव्या हातात धरला की टेकतो तो उतार.

सगुणा डावरी होती.

तिला ते पहिल्या नजरेतच कळले. पण तिने वर पाहिले, तर भिकाजी तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने तिच्यासाठी लुगडी आणली होती, औषधे आणली होती. त्या पोरीसाठी काही आणले नव्हते. हे त्याने पोरीसाठी आणले होते. सांगायचे ते सगुणाच्या ओठावर आलेच नाही. ती एवढेच म्हणाली, "चांगलो हा."

आणि तिथेच ती चुकली. तीस वर्षांची कलमवाली, जिने शिकाऊ बायांना पाते हाताला लागते की नाही हे आधी बघायला शिकवले, ती नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघून पाते विसरली.

तीन दिवसांनी डोळे फुगले. सकाळी ती सड्यावर निघाली, तेव्हा मागे पावले वाजली. भिकाजी येत होता. वळसा न घालता, सरळ वाटेने. झाडापासून चार हातांवर तो थांबला, एका दगडावर बसला, आणि टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. वारा पडला होता. सड्यावरच्या डबक्यांत आभाळ तुकड्यातुकड्यांनी उतरले होते.

तिने पहिली डहाळी उतरवली. मनगट जरा वाकडे धरले तर जमेल, असे तिने स्वतःला समजावले होते. पाते काडीवर टेकले, श्वास रोखला, ओढले. चांगले पोलाद ते. त्याने आवाजही केला नाही. पण उलट्या उतारावरून ते लाकडात बुडाले आणि वर आले, आणि पाचरीच्या गालाला खळी पडली.

खळी. कलमवाल्यांचा हाच शब्द. लेकराच्या गालाला पडली तर कौतुक, कलमाच्या गालाला पडली तर मरण.

सगुणा त्या काडीकडे बघत राहिली. मग संतापली, भिकाजीवर, चाकूवर, स्वतःवर, कुणावर ते तिलाही सांगता आले नसते. कनवटीला लावलेले पिवळे कटर तिने ओढून काढले. दुसरी डहाळी उतरवली, तासली. कटर अर्ध्यात वाकले. दुसरी ओढ तिने घेतली, घेऊ नये हे ठाऊक असताना घेतली. मग दोन्ही काड्या मांडीवर ठेवून ती बसून राहिली, आणि तिला रडू आले.

भिकाजी उठून जवळ आला.

"काय झाला गो?"

"ह्यो उजव्या हाताचो चाकू. माजो हात डावरो."

भिकाजीने तिच्या त्या हाताकडे पाहिले. नंतर म्हणाला, "माका कसा ठावक नाय?"

त्याला कसे ठाऊक असणार. लहानपणी माहेरी जेवायला बसताना सगुणाचा डावा हात पदराने कमरेशी बांधून ठेवीत. डाव्याने घास घेऊ नये, डाव्याने वाढू नये, डाव्याने देऊ नये, घेऊ नये. ती उजवी झाली. भाकरी उजव्याने थापली, पाणी उजव्याने दिले, कुंकू उजव्याने लावले. घरात, चारचौघांत, नवऱ्यासमोर सगुणा उजवी होती. डावा हात जागा व्हायचा तो रोपवाटिकेत, जिथे नुसते काम बघत, हात बघत नसत. भिकाजी त्या फाटकाच्या आत कधी गेला नव्हता. पुरुष परक्यांशी फार बोलत नाहीत म्हणतात. इथे एकाच घरातल्या दोघांचे तसे झाले होते.

"कोय लावलंय ती पण डाव्या हातान," ती म्हणाली. "तुमची भयण म्हणाली, डाव्या हातान लावलेला धरूचा नाय. पण धरल्यान."

भिकाजीने तिच्या मांडीवरचा तो सुंदर चाकू उचलला, घडी केली, खिशात घातला. "चल," म्हणाला. "बाबलीकडे जाव."

बाबली मेस्त्री गावचा लोहार. त्याची भट्टी ओढ्याच्या कडेला, वडाच्या सावलीत. विळे, कोयते, नांगराचे फाळ हे त्याचे राज्य. दोघे तिथे पोचली तेव्हा त्याने आधी कोल्हापूरचा चाकू हातात घेतला, नखावर धार पाहिली, उन्हात फिरवला, आणि खुल्या दिलाने मान हलवली. मग सगुणाचा डावा हात मागून घेतला. तिने तो पुढे केला, जरा लाजत. बाबलीने अंगठ्याच्या मुळाचा घट्टा दाबून पाहिला, मधल्या बोटावरची चीर पाहिली.

"चाकू वायट नाय. हात वायट नाय," तो म्हणाला. "जोडो जमाक नाय." आणि नवराबायकोकडे आळीपाळीने बघून मिशीत हसला.

"तू करतलस?" भिकाजीने विचारले.

"हात कोणाचो ता कळला, आता लोखंडाचा बघूया."

लोखंड म्हणून त्याने एक जुनी कानस काढली, दात झिजलेली, वडिलांच्या वेळची. कानशीचे पोलाद कडक असते, ठिसूळही. बाबलीने ती निखाऱ्यात घातली. भाता भिकाजीने ओढला. अंगारारुण होत गेलेल्या त्या तुकड्यावर घण पडू लागला, आणि ओढ्याच्या पाण्यावरून तो नाद पलीकडच्या डोंगराला लागून परत येऊ लागला. घणाचा एक, डोंगराचा एक. घणाचा एक, डोंगराचा एक.

पहिले पाते पाणी देताना तडकले. बाबलीने ते बाजूला टाकले, कपाळाचा घाम पुसला, आणि कानशीचा उरलेला तुकडा विस्तवात ठेवला. घाई करा, असे कुणी म्हणाले नाही. लोहाराला घाई कर म्हणणे आणि भाताला पिक म्हणणे सारखेच. चार दिवस गेले. ह्या चार दिवसांत भिकाजी रोज सकाळी भट्टीवर जाऊन भाता ओढत बसे, आणि येताना सड्यावरून येई. घरी आला की सांगे, तीन हत. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले, दोन. एक डहाळी सुकली होती.

चौथ्या दिवशी पाते तयार झाले. दिसायला ते काहीच नव्हते. कळकट, हातोडीचे ठसे अंगावर वागवणारे, फणसाच्या लाकडाची साधी मूठ. फक्त धार तेवढी उजळ, आणि उतार उलट्या अंगाला. बाबलीने ते सगुणाच्या डाव्या हातात दिले. डाव्या हातात कुणी काही देण्याचा तिच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग होता.

"जोर करू नको, वयनी. कटरान तुझ्या हाताक जोर लावची खोड लायली. पात्याक तेचा काम करूक दी."

त्याचे म्हणणे तिला ओट्यावर बसून रानातल्या काड्या तासताना पटले. तीस वर्षे वाईट पात्याशी झुंजून तिचा हात दांडगा झाला होता. चांगल्या पात्यावर तो दांडगेपणा नको तितके लाकूड घेऊन जात होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी सगुणा हलके व्हायला शिकली. एक सकाळ गेली, पन्नास काड्या गेल्या. मग अंगठा सैल झाला, मनगट निवले, आणि काप पडू लागले ते एकामागून एक सपाट, ओले, फिकट पोपटी.

संध्याकाळी ती दोघे सड्यावर गेली. पश्चिमेला ढग फाटून केशरी उजेडाची एक लांब पट्टी समुद्रावर उतरली होती. सगुणाने दोन्ही डहाळ्या उतरवल्या. भिकाजीने खुंटाची पिशवी दोन्ही हातांत धरली, हलू न देता. तिने पाते टेकवले. ओढ एक. फिरवले, ओढ एक. पाचर खुंटाच्या चिरेत उतरली, आणि साल सालीला भिडली, लाकूड लाकडाला भिडले. पट्टी गुंडाळली, वर पिशवीची टोपी घातली. मग दुसरे. सगळे होईपर्यंत दोघांतले कुणी बोलले नाही, आणि ते न बोलणे पूर्वीचे नव्हते.

खळी पडलेली आणि कटरने कापलेली, ती दोन कलमेही तिने बांधून ठेवली होतीच. आशा वेडी असते. आठवडाभरात ती दोन्ही काळी पडली.

राहिलेली दोन मागच्या दारी, केळीच्या सावलीत उभी होती. भाद्रपद आला. गणपती आले, भजने झाली, गणपती गेले. पाऊस दमून दमून पडू लागला. सगुणा पाणी घालायची, बघायची, हात लावायची नाही. कलमाला रोज हात लावणारा त्याला मारतो, हे तिनेच किती जणींना सांगितले होते. भिकाजी बघायचा ते चोरून. पंधराव्या दिवशी एका कलमाचा डोळा सुरकुतला आणि गळून पडला. त्या दिवशी दोघे जेवली नाहीत. सड्यावरची फांदीही आता करडी झाली होती. तिकडे परत जाऊन आणायचे असे काही उरले नव्हते. साऱ्या जगात त्या झाडाची एकच काडी होती, वीतभर.

एकविसाव्या सकाळी सगुणा मागच्या दारी गेली आणि लगेच परत आली नाही. भिकाजी उठून गेला. टोपीच्या आत, दवबिंदूंच्या आड, डोळा फुटला होता. ताम्रवर्ण, मृदुल, सलज्ज अशी दोन पाने बाहेर आली होती, अजून पुरती उलगडलेली नाहीत. सगुणा ओल्या मातीत बसली होती. भिकाजी तिच्या शेजारी बसला. त्याने हुंदका दिला, तो चौतीस वर्षे उशिरा आला होता, आणि सगुणाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दगड म्हणत होते मी ह्यांना, तिच्या मनात आले, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

पुष्कळ वेळाने भिकाजी उठला. जुन्या पांढऱ्या बादलीचा तुकडा कापून त्याने चिठ्ठी केली, तिला तार ओवली. कलमाला नावाची चिठ्ठी लावायचीच असते. लेखणी हातात घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला.

"नाव काय लिवचा?"

सगुणाकडे नाव होते. बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत तिने ते ठरवले होते, आणि नंतर कुणालाच सांगितले नव्हते. तिने तोंड उघडले, पण विचारले भलतेच.

"तुमच्या मनात काय होता?"

भिकाजीने खाली पाहिले. "सुरंगी," तो म्हणाला. "ती झाली त्या दिवसा बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसार इले होते. माझ्या हातांक वास होतो. तसोच तिका घेतलंय."

"माका तेवा सांगूक नाय?"

"कसा सांगू? तू रडत होतंस."

सगुणाने मान हलवली. "लिवा."

त्याने लिहिले. अक्षर ओबडधोबड, वेलांटी जरा तिरपी. सु, रं, गी. तार त्याने कलमाच्या बुंध्याशी अडकवली, सैल, काडीला काच बसू नये अशी, आणि पाणी आणायला म्हणून विहिरीकडे गेला.

बारशाला दोन नावे ठेवायची रीत आहे. एक चारचौघांत हाक मारायचे. दुसरे पाळण्यातले, कानात सांगायचे. सगुणाने इकडेतिकडे पाहिले. टोपी अलगद वर केली, डावा हात त्या दोन पानांच्या आडोशाला धरला, खाली वाकली, आणि आपल्या मनातले नाव अगदी हळू, एकदाच उच्चारले. विहिरीवर रहाट वाजला. केळीवरून पाण्याचा एक थेंब सुटला. तिच्या श्वासाने ती तांबडी, कोवळी पाने जराशी हलली, आणि थांबली.